वाणिज्यशिक्षणाचा जिना



वाणिज्य हा माझा विषय नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा १९७५ साली उतरलो, पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि पुण्याच्या पेठांतील एका प्राथमिक शाळेत ३९ वर्षे मुलांना पाढे व परवचा शिकवून २०१६ साली निवृत्त झालो. महाविद्यालयाची पायरी मी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. तेव्हा बी. कॉम.च्या शिक्षणाविषयी चार शब्द बोलावयाचा अधिकार मला कोणी दिला, असा प्रश्न आपल्यापैकी एखाद्या सुशिक्षित गृहस्थाच्या मनात आल्यास त्यात गैर काही नाही. त्याला माझे उत्तर एवढेच की, जो जिना आपल्याला चढता आला नाही, त्याच्या पायऱ्या मनुष्य खाली उभा राहून फार बारकाईने मोजीत असतो. शिवाय या जिन्यावर मी एका मुलाला एकदा चुकीच्या पायरीवर उभे केले होते. त्या चुकीची हकीकत आज सांगावी, म्हणजे ती आणखी कोणाच्या उपयोगी पडेल, या हेतूने मी येथे आलो आहे.

विषय असा आहे. बारावी झालेल्या मुलाला किंवा मुलीला वाणिज्याची पदवी घ्यावयाची आहे. परंतु गुण बेताचे आहेत, घरची स्थिती ओढगस्तीची आहे, किंवा घरातील एखाद्या दुखण्यामुळे दूर जाणे शक्य नाही. अशा वेळी प्रथम घराजवळच्या लहानशा संस्थेत एक-दोन वर्षे शिकावे आणि मग विद्यापीठाच्या मोठ्या महाविद्यालयात वरच्या वर्गात जावे, हा मार्ग कितपत बरा? आपल्या पांढरपेशा घरांत या मार्गाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, लहान कॉलेजात जाणे म्हणजे नाक कापून घेणे. दुसरा म्हणतो, कोठेही नाव घाला, शेवटी कागद तोच. माझ्या अल्प अनुभवाप्रमाणे दोन्ही पक्ष चुकतात.

प्रथम थोडा मागचा इतिहास पाहू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, आणि वाणिज्याचे स्वतंत्र सिडनहॅम महाविद्यालय मुंबईस १९१३ साली निघाले. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ पासून होते; परंतु केवळ वाणिज्यासाठी म्हणून काढलेले बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सुरू केले ते १९४३ साली. म्हणजे त्यापूर्वी बी. कॉम. होऊ इच्छिणाऱ्या पुणेकर तरुणाला बहुधा मुंबईची वाट धरावी लागे. ज्याला मुंबईचा खर्च झेपत नसे, तो एखाद्या पेढीवर कीर्द-खतावणी लिहावयास बसे आणि जमाखर्च तेथेच शिके. पुणे विद्यापीठ १९४९ साली झाले, तेव्हापासून ही अडचण पुष्कळ दूर झाली. याच विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे.

त्या काळच्या व्यवस्थेत एक गोष्ट होती, तिच्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. त्या वेळी मॅट्रिकनंतर पहिले वर्ष, मग इंटर, मग पदवी, अशा स्वतंत्र पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीला समाजात काही मोल होते. ‘मुलगा इंटर झाला आहे’ असे वडीलधारी मंडळी सांगत, तेव्हा ऐकणाराला त्याचा निश्चित अर्थ कळे. पुढे सत्तरीच्या दशकात दहावी, बारावी आणि तीन वर्षांची पदवी अशी नवी रचना आली. ती सुटसुटीत होती खरी, परंतु तिच्यात मधल्या पायऱ्यांचे मोल गेले. तीन वर्षे पुरी केली तर पदवीधर, नाही तर केवळ बारावी पास! दोन वर्षे शिकून ज्याला काही कारणाने घरी बसावे लागले, त्याच्या हाती गुणपत्रकांच्या दोन कागदांवाचून काही उरत नसे. त्या दोन वर्षांची किंमत नोकरीच्या बाजारात कोणी करीत नसे.

आता माझी हकीकत सांगतो. २००१ साली माझा एक जुना विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याचे वडील मार्केट यार्डात तोलणार होते. मुलगा हिशेबात हुशार. चौथीत असताना त्याने माझ्या फळ्यावरची बेरजेची चूक भर वर्गात दाखविली होती. बारावीला मात्र इंग्रजीने त्याला दगा दिला आणि गुण बेताचेच पडले. त्याच्या हाती एका खासगी संस्थेचे पत्रक होते. दोन वर्षांची वाणिज्याची पदविका, सायंकाळचे वर्ग, घरापासून चालत दहा मिनिटांची वाट, आणि शेवटी ठळक अक्षरांत असे आश्वासन, की पदविका उत्तीर्ण होणाऱ्यास विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळेल. त्याने विचारले, “गुरुजी, जाऊ का?” मी ते पत्रक दोनदा वाचले आणि म्हणालो, “अवश्य जा.”

का म्हणालो, ते आज सांगावयास संकोच वाटतो. अभियांत्रिकीत असा मार्ग आहे, हे मला ठाऊक होते. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घ्यावयाची आणि मग अभियांत्रिकी महाविद्यालयात थेट दुसऱ्या वर्षाला बसावयाचे, ही वाट महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाची आहे आणि त्या वाटेने जाणाऱ्यास कोणी हलका समजत नाही. जे अभियांत्रिकीत आहे ते वाणिज्यातही असणारच, असे मी गृहीत धरले. विद्यापीठाच्या कचेरीत जाऊन विचारावे, हे मला सुचले नाही. की सुचले, पण आपण केवळ मॅट्रिक, तेथील मंडळी आपल्याशी काय बोलणार, या भिडेपोटी मी गेलो नाही, याचा निवाडा अजून माझ्या मनाशी झालेला नाही.

दोन वर्षांनी पदविका हाती घेऊन तो मुलगा विद्यापीठात गेला. खिडकीवरील कारकुनाने शांतपणे सांगितले की, ही पदविका आमच्या मान्य यादीत नाही, बी. कॉम. व्हावयाचे असल्यास पहिल्या वर्षापासून आरंभ करावा लागेल. त्या कारकुनाचा यात काही दोष नव्हता. तो नियम सांगत होता. संस्थेकडे विचारणा केली, तेव्हा ‘प्रयत्न चालू आहेत’ एवढेच उत्तर मिळाले. वडिलांनी तोलाईच्या मजुरीतून भरलेली फी गेली आणि दोन वर्षेही गेली. मुलाने पुन्हा पहिल्या वर्षात नाव घातले नाही. तो एका मालवाहतुकीच्या पेढीवर हिशेब लिहू लागला आणि आजही तेच काम चोख करतो आहे. त्याने मला एका शब्दाने कधी दोष दिला नाही. दर दसऱ्याला सोने द्यावयास तो येत राहिला. परंतु त्याने दोष दिला असता तर मला अधिक बरे वाटले असते.

या गोष्टीत एक बारीक भेद आहे. त्या संस्थेत त्याला काही शिकविलेच नाही, असे मुळीच नाही. द्विनोंदी पद्धत, तेरीज, ताळेबंद हे सर्व तो तेथे शिकला, आणि त्याच विद्येवर त्याचे घर चालले आहे. ज्ञान त्याला मिळाले; मान्यता मिळाली नाही. या दोन वस्तू भिन्न आहेत. पुणेकरांना हा भेद नवा नसावा. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, तेथे उत्तम शिक्षण दिले गेले. तथापि कायद्याने मान्य विद्यापीठाचा दर्जा त्याला मिळावयास १९५१ साल उजाडावे लागले. लोकमान्यांच्या स्मरणार्थ १९२१ साली निघालेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाला तर अभिमत दर्जासाठी १९८७ पर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात तेथे शिकलेल्या माणसांच्या विद्वत्तेला कोणी उणे म्हणणार नाही. परंतु त्या पिढीने मान्यतेचा त्याग जाणूनबुजून, एका ध्येयासाठी केला होता. माझ्या विद्यार्थ्याचा त्याग अजाणता झाला. तो त्याच्याकडून फसवून घेतला गेला.

अशा दोन पायऱ्यांचे शिक्षण इतरत्र कसे चालते, हे पाहिले म्हणजे दोष नेमका कोठे होता ते समजते. अमेरिकेत इलिनॉय संस्थानातील जोलिएट या गावी १९०१ साली एक दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय निघाले. विद्यार्थ्याने पहिली दोन वर्षे आपल्या गावी, थोड्या खर्चात काढावी आणि मग विद्यापीठात वरच्या वर्गात जावे, ही त्यामागची कल्पना. आज अशा महाविद्यालयांना तेथे ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणतात. एकट्या कॅलिफोर्नियात ती ११६ आहेत. न्यू जर्सीतील एडिसन गावी, जेथे मराठी कुटुंबांची वस्ती बरीच आहे, तेथेही असे एक महाविद्यालय आहे. तेथे दोन वर्षे व्यापाराचे प्राथमिक विषय, हिशेब, अर्थशास्त्र शिकून विद्यार्थी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातो, आणि पदवीपत्रावर नाव विद्यापीठाचेच असते.

ही वाट चालते, कारण खालचे महाविद्यालय आणि वरचे विद्यापीठ यांच्यात कोणत्या विषयाच्या जागी कोणता विषय धरावयाचा, याचे करार आधीच झालेले असतात. जेथे असा करार नसतो, तेथे त्या देशातही विद्यार्थ्याचे विषय वाया जातात आणि त्याला ते पुन्हा शिकावे लागतात. विद्यापीठात जावयाचे असे ठरवून या महाविद्यालयांत शिरणाऱ्यांपैकी पुष्कळ जण प्रत्यक्षात तेथवर पोहोचत नाहीत, हेही तेथील शिक्षणतज्ज्ञ मान्य करतात. तात्पर्य, पायरी लहान असण्याने बिघडत नाही. ती वरच्या मजल्याला जोडलेली नसली म्हणजे बिघडते.

आपल्याकडेही ही कल्पना अगदीच अपरिचित नाही. पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ साली असे महाविद्यालय काढले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ ते २०१७ या बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात कम्युनिटी कॉलेजांची योजना हाती घेतली. महाराष्ट्रापुरते पाहिले, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. त्याने गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे उघडली आणि ज्यांची बारावीही राहून गेली होती, त्यांच्यासाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवून पदवीची वाट मोकळी केली. दुकानात दिवसभर उभे राहणाऱ्या किती तरी मुलांनी व संसारात गुंतलेल्या स्त्रियांनी या वाटेने बी. कॉम. केले आहे. ज्याला कोणी ‘खालची’ वाट म्हणेल, तिच्यावरून ही माणसे वर गेली. कारण ती वाट कायद्याने बांधलेली होती.

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर हरवलेल्या मधल्या पायऱ्याच परत आणल्या आहेत. त्याप्रमाणे पदवीचे एक वर्ष पुरे करून थांबणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स पदवी मिळावयाची आहे. प्रत्येक विषयाला श्रेयांक असतात. वर्षाचे साधारण ४० ते ४४. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडून प्रमाणपत्र किंवा पदविका हवी असेल, तर आणखी ४ श्रेयांकांचे व्यावसायिक शिक्षण किंवा उमेदवारी पुरी करावी लागते. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते, आणि एकंदर सात वर्षांत पदवी पुरी करावी अशी मर्यादा आहे. हे श्रेयांक साठविण्याकरिता २०२१ साली ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ नावाची व्यवस्था सुरू झाली. बचतीच्या खात्यात पैसे जमावेत तसे विद्यार्थ्याच्या नावावर तेथे श्रेयांक जमतात, आणि तो दुसऱ्या संस्थेत गेला म्हणजे त्याच्याबरोबर जातात. या रचनेचा पुण्याच्या पेठेतील आमच्यासारख्यांच्या घरी काय उपयोग, हे मला एका मुलीने दाखविले.

ती मुलगी त्याच माझ्या विद्यार्थ्याची कन्या. २०२४ साली ती वाणिज्य शाखेतून बारावी झाली. निकालानंतरच्या रविवारी बापलेक माझ्याकडे आले. मुलीला शहरातील नामांकित महाविद्यालयात जावयाचे होते; तिचे गुण त्या महाविद्यालयाच्या यादीपर्यंत पोहोचत नव्हते. घराजवळच एक लहान महाविद्यालय होते. तेथे वर्ग सकाळी भरत, त्यामुळे दुपारी एका पतसंस्थेत काम करणे तिला शक्य होते. तिने मला विचारले, “आजोबा, एक वर्ष इथं काढून दुसऱ्या वर्षाला तिकडं जाता येईल का?”

मी उत्तर देण्यापूर्वीच तिचे वडील म्हणाले, “गुरुजी, या वेळी आपण आधी जाऊन विचारू.”

त्या वाक्यात टोमणा नव्हता, परंतु ते माझ्या काळजाला लागले. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघे निघालो. माझ्या खिशात, जुन्या सवयीने, प्रश्न लिहिलेला कागद होता. प्रथम मुलीने घराजवळच्या महाविद्यालयाचेच नाव घेतले. मी म्हणालो, “बाळ, तिथं मागाहून. जिथं जायचंय तिथं आधी विचारू. जिथून निघायचं ते सगळे ‘होईल’ असंच म्हणतात.” आणि आजच्या भाषणाचे सार विचाराल, तर ते एवढेच आहे. खालच्या संस्थेला विचारू नका. वरच्या संस्थेला विचारा.

आम्ही चार प्रश्न विचारले, ते क्रमाने सांगतो. पहिला प्रश्न असा, की त्या लहान महाविद्यालयात चालणाऱ्या नेमक्या याच अभ्यासक्रमाला विद्यापीठाची मान्यता आहे काय? येथे ‘नेमक्या याच’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. संस्था संलग्न असते, परंतु ती स्वतःचे म्हणून आणखी एखादे प्रमाणपत्र चालविते, त्याला विद्यापीठाची मान्यता असतेच असे नाही. दुसरा प्रश्न, पहिल्या वर्षाचे कोणते विषय आपण धराल आणि कोणते पुन्हा द्यावे लागतील? विशेषतः स्वायत्त महाविद्यालयांचा अभ्यासक्रम त्यांचा स्वतःचा असतो, तेव्हा विषयांची नावे सारखी असूनही आतील भाग निराळा असू शकतो. तिसरा प्रश्न, दुसऱ्या वर्षात जागा रिकाम्या होतात काय, आणि त्या कोणत्या गुणांवर देता? पात्र असणे निराळे आणि जागा मिळणे निराळे. या दोहोंत घोटाळा करून पुष्कळांची निराशा होते. चौथा प्रश्न कागदांचा. त्याच विद्यापीठातून येणाऱ्यास महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रके लागतात. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यास मायग्रेशन सर्टिफिकेटही लागते. मध्ये वर्ष गेले असल्यास त्याचे कारण लिहून द्यावे लागते. शिवाय एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. श्रेयांक बँकेच्या नियमांप्रमाणे पदवी देणाऱ्या संस्थेतून निदान निम्मे श्रेयांक मिळविलेले असावे लागतात. म्हणजे जिना कोठल्या वर्षी बदलावयाचा, याचा विचार आरंभीच केलेला बरा.

मोठ्या महाविद्यालयातील कारकुनाने आमची अपेक्षा नव्हती इतक्या आदराने माहिती दिली. जागांविषयी त्याने कोणतेही आश्वासन दिले नाही, आणि मला त्याचे तेच सर्वांत आवडले. विषय जुळतात, एकच थोडा निराळा आहे, असे त्याने छापील अभ्यासक्रम पुढे ठेवून दाखविले. मुलीने ते लिहून घेतले. मग आम्ही विद्यापीठाच्या पात्रता विभागात जाऊन पहिल्या प्रश्नाची खात्री केली, आणि सर्वांत शेवटी घराजवळच्या महाविद्यालयात जाऊन तिचे नाव घातले.

त्या वर्षाविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. लहान महाविद्यालयात तिच्या वर्गात मुले थोडी होती. हिशेबाच्या शिक्षकांना प्रत्येकाची वही पाहावयास वेळ मिळे. दुपारी पतसंस्थेत ती रोजकीर्द लिही, आणि जमा-नावे यांचा जो गुंता पुस्तकात सुटत नसे तो तेथे चलनांच्या गठ्ठ्यात सुटे. रात्री वडील तिची तेरीज तपासीत. ज्या माणसाच्या पदविकेला विद्यापीठाने ओळख दिली नव्हती, तो आपल्या मुलीला त्याच पदविकेतील विद्या शिकवीत होता. मी एकदा सायंकाळी गेलो तेव्हा दोघे एका रुपयाच्या फरकासाठी डोके खाजवीत बसले होते. मला फळ्यावरच्या त्या जुन्या चुकीची आठवण झाली.

२०२५ साली तिचे पहिले वर्ष चांगल्या गुणांनी पार पडले. शहरातील त्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला जागा निघाली आणि तिला ती मिळाली. जो एक विषय जुळत नव्हता, त्याचा अभ्यास तिला अधिक करावा लागला. त्याची कल्पना आधीच असल्यामुळे तिने कुरकूर केली नाही. आणि समजा, त्या वर्षी जागा निघाली नसती, किंवा घरच्या अडचणीने तिला थांबावे लागले असते, तरी तिचे ते वर्ष बुडाले नसते. ते तिच्या नावावर जमा होते. वडिलांची दोन वर्षे आणि मुलीचे एक वर्ष यांत फरक होता तो एवढाच.

आता घरोघरच्या वडीलधाऱ्या मंडळींस माझी विनंती आहे. मुलाला घराजवळच्या लहान महाविद्यालयात जावे लागले, तर ‘तेथेच जाणार काय?’ हा प्रश्न त्याला विचारू नका. तो प्रश्न मला सतराव्या वर्षी एका नातलगाने विचारला होता. मलाही वाणिज्य शिकावयाचे होते. पुढे नोकरी करीत असता बहिःस्थ परीक्षार्थी म्हणून पदवीला बसण्याची सोय विद्यापीठात होती. माझ्या शाळेतील दोघा शिक्षकांनी तिचा लाभ घेतला. मी घेतला नाही. त्याचे कारण खर्च नव्हे, वेळही नव्हे. लोक काय म्हणतील, एवढेच ते कारण होते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण मी ३९ वर्षे मुलांकडून फळ्यावर लिहून घेतली आणि स्वतः पहिल्या थेंबाची लाज बाळगली.

तेव्हा लाज बाळगू नये. परंतु भिडही बाळगू नये. खिडकीवर जाऊन विचारावे, पुन्हा विचारावे, आणि जे उत्तर मिळेल ते शक्य तर लेखी घ्यावे. तारीख घालून, कोणी सांगितले ते टिपून ठेवावे. चार आण्यांचा व्यवहार असला तरी आपण पावती मागतो. मुलांच्या आयुष्याची दोन वर्षे मात्र एका पत्रकाच्या भरवशावर देऊन टाकतो. वाणिज्य शिकावयास निघालेल्याच्या घरी तरी असे होऊ नये! महाविद्यालयांनीही आपल्या दाराशी एक फलक लावावा. कोठून आलेल्या विद्यार्थ्याचे काय धरले जाईल, एवढे त्यावर स्वच्छ लिहावे. त्याने किती तरी घरांतील रात्रीची झोप सुखाची होईल.

गेल्या दसऱ्याला बापलेक नेहमीप्रमाणे आले. सोने देऊन झाल्यावर माझ्या विद्यार्थ्याने खिशातून मोबाइल काढला आणि मुलीचे श्रेयांकांचे खाते मला उघडून दाखविले. ती हसून म्हणाली, “आजोबा, बाबा दर महिन्याला हे पासबुकासारखं बघतात. एक श्रेयांकही कमी झालेला नाही ना, म्हणून!” तो काही बोलला नाही. चष्मा वर सारून त्याने आकडे एकदा पुन्हा मोजले, आणि बरोबर आहेत अशी मान हालविली.